स्टीअरिंगखालचं लाल लॉक

मिलिंद,

तुझं एक काम राहून गेलं होतं, त्याबद्दल लिहिते आहे. तुझ्याबद्दल बाकी जे लिहायचं ते लोकांचं लिहून झालं. मस्कतच्या सीबमधल्या आपल्या बुद्धवंदनेच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकून खाली सगळ्यांनी लिहिलं, मनमिळाऊ, हसतमुख, मदतीला धावणारा. मी वाचलं आणि मनात म्हटलं, हा माणूस कोण? हसतमुख तू दुसऱ्यांच्या घरी असायचास. आपल्या घरी तू ओठांत स्क्रू धरून वावरायचास आणि काही विचारलं की त्या स्क्रूच्या फटीतून ‘हं’ म्हणायचास. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यातली निम्मी मी त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात घालवली.

आईंसमोर मी तुला ‘अहो’ म्हणत आले, एरवी ‘तू’. इथे आई नाहीत, तेव्हा तूच.

काम म्हणजे ते गाडीच्या स्टीअरिंगचं. आपल्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीला गरम होणारं स्टीअरिंग बसवायचं तू डोक्यात घेतलंस. तेही ओमानमध्ये, जिथे जूनमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं स्टीअरिंग रुमालाने धरावं लागतं. भीमजयंतीच्या जेवणाच्या पंगतीत तू हे बोलून गेलास आणि लोकांना आयतंच सापडलं. ‘अरे, मग फ्रिजमध्ये शेगडीपण बसव,’ असं कोणीतरी म्हणालं, आणि पुढचा अर्धा तास सगळे तुझ्यावर तुटून पडले. तूही हसलास. पण हे कशासाठी, ते सांगितलं नाहीस. माझ्या बोटांचा विषय चारचौघांत काढायचा नाही हे तुला न सांगता कळत होतं. तेव्हा मी त्यावर काही बोलले नव्हते. आता बोलते, बरं केलंस.

माझी बोटं गारव्याने पांढरी पडतात. आधी टोकं, मग दुसऱ्या पेरापर्यंत, खडूसारखी, आणि मग ती माझी राहतच नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, रक्तवाहिन्या आकसतात, घाबरण्यासारखं काही नाही, हात गरम ठेवा. सांगायला काय जातं! बाहेर भट्टी आणि आत बर्फ, अशा देशात माणसाने हात गरम कसे ठेवायचे? रुवीजवळच्या हमरियाच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर एसी. मी लोकांचं रक्त काढते, आणि सुई टोचायच्या आधी माझ्या बोटांनीच पेशंट दचकतो. उन्हाळ्यात निदान येता-जाता गाडीत काचा खाली करून हात शेकता येतात. खरी पंचाईत डिसेंबर-जानेवारीत. इथली थंडी ती काय, लोक तिच्यात सहली काढतात. पण सीबहून उजाडताना निघायचं, तर ते स्टीअरिंग माझ्या बोटांना पुरून उरतं. गाडीचा हीटर लावावा, तर आपली म्हातारी बॅटरी हीटरलाच संपते आणि रुवीवरून परत येताना मी चार्जच्या काट्याकडे बघत श्वाससुद्धा जपून घेते. हातमोजे घालून बघितले. ते चाकावर घसरतात, आणि आधीच गार झालेली बोटं मोज्यात घातली की गारच राहतात.

‘अख्खी गाडी कशाला तापवायची? हात तापवू,’ तू म्हणालास. ‘घरातल्या पंख्याएवढा करंट लागतो.’ मग तू मला गाडीत नेऊन बसवलंस आणि स्टीअरिंगच्या बाजूचं एक कोरं झाकण नखाने उचकटून दाखवलंस. थंड देशात हीच गाडी गरम स्टीअरिंगसकट विकतात, आपल्या गल्फ मॉडेलला त्या बटणाच्या जागी नुसतं झाकण. ‘बघ, जागा ठेवलीय, बटण नाही ठेवलं,’ तू म्हणालास, जणू काही कंपनीने तुझ्या घरातून ते बटण चोरून नेलं होतं. मला त्या झाकणाचा कधी राग आला नव्हता. मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो तुला ठाऊक होता.

तू दुक्मला होतास, राग त्याचा. सीबहून दिवसभराच्या रस्त्यावर, रिफायनरीच्या प्रोजेक्टवर, पत्र्याच्या कॅम्पमध्ये, जिथे बाई दिसत नाही आणि भाजीत मीठ कोणी चाखत नाही. एका आड एक गुरुवारी यायचास, शनिवारी निघायचास. ‘हे कॉन्ट्रॅक्ट संपलं की मस्कतमध्येच बघतो,’ असं म्हणायचास. कॉन्ट्रॅक्ट संपायचं आणि पुन्हा वाढायचं. मी म्हणायची, छोटी पोस्ट घे, पण घरी राहा. तू म्हणायचास, आपल्या सांचीची बारावी होऊ दे. त्याआधी म्हणायचास, दहावी होऊ दे. आणि मी चिडले की तू उठून घरातलं काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचास. मिक्सर, नळ, दाराची कडी. आपलं सबंध घर माझ्या रागावर चालत होतं म्हणायला हरकत नाही.

तर ते स्टीअरिंग. उन्हाळाभर तू शोधलंस, आणि शेवटी शारजाच्या जुन्या पार्टवाल्यांकडून थंड देशातल्या, मोडीत निघालेल्या गाडीचं एक मिळालं. चामडं दोन्ही बाजूंना अंगठ्यांच्या जागी झिजून गुळगुळीत झालेलं. कोणाचे अंगठे असतील, मी विचारलं. तू म्हणालास, ‘हं.’

ते बसवताना मी तुझ्याबरोबर पार्किंगमध्ये होते, कारण सांचीचा क्लास होता आणि कोणीतरी टॉर्च धरायला हवा होता. आधी तू छोट्या बॅटरीची वायर काढलीस आणि म्हणालास, आता थांबायचं. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते, तिच्यात करंट राहिलेला असतो, तो पूर्ण जाईपर्यंत हात लावायचा नाही. लोक घाई करतात आणि तोंडावर घेतात. मग आपण दोघं पुढच्या सीटवर नुसते बसलो. तुझ्या ओठांत स्क्रू नव्हता. तू विचारलंस, लॅबमध्ये अजून ती फिलिपिनो मुलगी आहे का? मी म्हटलं, ती जाऊन वर्ष झालं. ‘तू सांगितलं नाहीस,’ असं म्हणालास आणि मग तिच्याबद्दल, नव्या मॅनेजरबद्दल, सांचीला मराठीत कसे विचारच येत नाहीत याबद्दल आपण बोलत बसलो. थांबायची वेळ केव्हाच होऊन गेली होती, दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही घड्याळ बघितलं नाही. मिलिंद, एअरबॅगचे उपकार मानावेत अशी बाई या जगात मी एकटीच असेन.

मग तू चाक काढलंस, नवं चढवलंस, मागे ती चपटी वायरची गुंडाळी बसवलीस, जी चाक कितीही फिरलं तरी तुटत नाही. कोरं झाकण काढून तिथे बटण बसवलंस. आणि शनिवारी निघायच्या आधी, चाक गरम करणारा स्टीअरिंगखालचा फ्यूज सैल करून त्यावर लाल प्लास्टिकची एक डबी चढवून तिला तुझं लाल लॉक लावलंस. लॉकला टॅग. टॅगवर तुझा पासपोर्ट साइजचा फोटो, नाव, आणि खाली मोठ्या अक्षरांत, धोका, चालू करू नये.

हे लॉकचं खूळ आपल्या घरात कसं आलं ते आठवतं तुला? सीबच्या या घरात नवीन होतो. तू पाण्याच्या मोटरचं काम काढलं होतंस, स्विचला लॉक लावून कसलासा वायसर आणायला गेलास. सांची लहान, अंगाला साबण लावून उभी, नळाला पाणी नाही. तुझी किल्ली खुंटीवर दिसली. मी लॉक काढलं, मोटर चालू केली, पोरीला आंघोळ घातली. तू परत आलास आणि मोटरचा आवाज ऐकून दारातच ओरडलास. तसा तू आधी कधी ओरडला नव्हतास, नंतरही नाही. आधी धावत जाऊन स्विच बंद केलास. मला वाटलं, एका मोटरसाठी एवढं?

संध्याकाळी तू सांगितलंस. पहिल्या नोकरीत, रायगडातल्या एका कारखान्यात, तुझ्या शेजारच्या माणसाने माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या स्विचला आपलं लॉक लावलं होतं. कोणाला तरी वाटलं, गेला असेल जेवायला. त्याने किल्ली शोधली, लॉक काढलं आणि पट्टा चालू केला. लॉकवाला जेवायला गेला नव्हता, त्याचा हात आत होता. ‘ज्याने लावलं त्यानेच काढायचं,’ तू म्हणालास. ‘किल्ली सापडली म्हणून काढायचं नसतं, प्रज्ञा.’

मला वाद घालायची खोड. मी विचारलं, आणि लावणारा माणूस सुट्टीवर गेला तर? नोकरी सोडून गेला तर? लॉक काय जन्मभर ठेवायचं?

‘त्याची रीत आहे,’ तू म्हणालास. ‘आधी खात्री करायची की तो साइटवर नाही. मग त्याला फोन लावायचा. उचलला नाही तर दुसऱ्या जबाबदार माणसासमोर लॉक काढायचं. आणि तो परत आला की गेटच्या आत पाऊल टाकायच्या आधी त्याला सांगायचं, बाबा रे, तुझं लॉक आम्ही काढलंय. हे सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर तो बिचारा आपलं लॉक लागलेलंच आहे या भरवशावर आत हात घालेल.’

तेव्हापासून मी तुझ्या लॉकला हात लावला नाही. मिक्सर आठवडाभर लाल टॅग घालून ओट्यावर बसलेला असायचा आणि मी पाट्यावर चटणी वाटायची. शेजारणी हसायच्या.

दीड आठवड्याने, मंगळवारी तुझा फोन आला. कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढवतायत, म्हणालास. अजून सही केली नाही, असंही म्हणालास, पण ज्या आवाजात म्हणालास त्यावरून मला कळलं की तू करणार. मी म्हटलं, मला गरम स्टीअरिंग नको, तू घरी ये. तू म्हणालास, ‘गुरुवारी येतो. टेस्ट करतो, लॉक काढतो. तोवर हात लावू नको.’ मी म्हटलं, ‘मी काय बोलतेय आणि तू काय बोलतोयस! खलास, राहू दे तुझं लॉक.’ आणि फोन ठेवला.

बुधवारी सकाळी शिफ्टची बस कॅम्पच्या दारात उभी होती आणि तू आला नाहीस, म्हणून कॅम्पमधला तुझा सोबती नंदू तुला बघायला खोलीवर गेला.

लोक मला समजावतात, शेवटचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलेलं नाही. मी त्या बोलण्याची माफीही मागणार नाही. त्या भांडणात माझं बरोबर होतं आणि आजही आहे. तू आता उत्तर देत नाहीस म्हणजे तू जिंकलास असं होत नाही. मला टोचतं ते वेगळंच. आदल्या आठवड्यात तू नंदूकडे ॲसिडिटीची गोळी मागितली होतीस, एकदा नाही, रोज. छातीत जळजळतं म्हणून. मी रोज लोकांचं रक्त तपासते. कुठली तपासणी कशासाठी सांगतात ते मला झोपेतही सांगता येईल. आणि माझ्याच नवऱ्याने मला फोनवर सांगितलं काय, तर रिले आणि फ्यूज.

तुला गावी, महाडला नेलं. त्रिशरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, तुझ्या वर्गातले म्हातारे झालेले मित्र आले. आई म्हणाल्या, ‘आता कोण आहे गं तिकडं तुमचं? या निघून.’ त्यांचं काही चुकत नव्हतं. पण सांचीची बारावी मार्चमध्ये, आणि ज्या बारावीसाठी तू दुक्मच्या पत्र्याखाली राहिलास ती अर्ध्यावर टाकून मी पोरीला कोणत्या तोंडाने घेऊन जाऊ? आम्ही परत आलो. आता इथे राहणं माझ्या नोकरीवर, नोकरी गाडीवर, आणि गाडी माझ्या बोटांवर. रोजच्या टॅक्सीचं नाव काढायला नको, ते तुलाही माहीत आहे.

आणि गाडीत बसले की तुझा टॅग. स्टीअरिंगच्या खाली लोंबकळत असतो ना, प्रत्येक वळणावर येऊन माझ्या गुडघ्याला लागायचा. खाली बघितलं की तुझा फोटो, आणि धोका. पासपोर्टच्या फोटोत माणूस इतका रागीट का दिसतो कोण जाणे. कॅम्पवरून आलेल्या बॅगेतून तुझा किल्ल्यांचा जुडगा आधीच घरी आला होता, त्यात ती छोटी लाल टोपीची किल्ली होती. मी ती रोज बघायची आणि परत ठेवायची. टेस्ट करतो म्हणाला होतास, केली नव्हतीस. म्हणजे आत काहीतरी बाकी होतं. काय बाकी होतं ते फक्त तुला माहीत. आणि खरं सांगू? ते लॉक आहे तोवर ते काम चालू आहे, असंही मला वाटत असावं. काम चालू आहे म्हणजे माणूस यायचा आहे.

जानेवारी लागला. मी हीटर लावून जायला लागले. एकदा हमरियातून निघायला उशीर झाला, हायवेला गाड्या तुंबलेल्या, आणि घराच्या अलीकडे गाडीने बॅटरी संपल्याचं कासवाचं चित्र दाखवून अंग टाकलं. तिथून पुढे कशी आले ते आठवायला नको. मग मी हीटर बंद केला. त्यानंतरच्याच आठवड्यात सांचीला शाळेत सोडताना राउंडअबाउटवर वळण घेतलं आणि माझ्या बोटांना चाक कळलंच नाही. हात चाकावर होते, दिसत होते, पण धरलंय की सुटलंय ते कळत नव्हतं. बाजूच्या पिकअपने जो हॉर्न दिला तो अजून कानात आहे. सांची ओरडली नाही. तिने तिचा हात माझ्या हातावर घट्ट दाबून धरला आणि आम्ही दोघींनी मिळून ते वळण घेतलं. शाळेच्या दारात उतरताना ती म्हणाली, ‘आई, दिस इज नॉट सेफ. आपण नंदूकाकांना बोलवू.’

नंदू सुट्टीच्या शुक्रवारी आला. तुझ्याबरोबर कॅम्पमध्ये राहिलेला, साइटवर कामाचं परमिट देणारा तुमचा गुहागरचा नंदू. दारातच ‘जय भीम, वहिनी’ म्हणाला. हे तूच त्याला शिकवलंस, आता तो सगळ्यांनाच म्हणतो. चहा घेतला नाही, सरळ खाली गाडीकडे गेला. दार उघडून वाकला आणि टॅग बघून तसाच उकिडवा बसून राहिला.

मग मीटर काढून एकेक वायर तपासली. मी बाजूला उभी होते, सांची मागच्या सीटवर जाऊन बसली होती. नंदू म्हणाला, ‘सगळा जोडलेला आहे, वहिनी. रिले, वायर, बटण, काय एक राहिलेला नाय.’

‘मग लॉक का लावलं?’

‘टेस्टिंग केल्याशिवाय दादा हँडओव्हर करायचे नायत. तेवढाच असेल.’

‘असेल, की आहे?’

नंदूने मान हलवली. ‘ता मला नाय सांगता यायचा.’

म्हणजे बघ. तू समोर नाहीस, आणि तू केलेल्या कामात सगळं बरोबर आहे, तरी मला विचारायचंच आहे. तुला काही दिसलं होतं का, जे नंदूच्या मीटरला दिसलं नाही? की नुसतंच घाईत बस पकडायची होती? तुझ्या छातीचंही मला असंच आहे. तुला काही कळलं होतं आणि तू सांगितलं नाहीस, की तुलाही कळलं नव्हतं? या दोन प्रश्नांची उत्तरं घेऊन तू गेलास आणि मला आता कोणी उत्तर देणार नाही.

मी किल्ली पुढे केली. नंदूने घेतली नाही. म्हणाला, ‘असा नाय काढता येणार. रीत आहे. दादांच्या लॉकला मी रीत सोडून हात लावला, तर ते मला...’ आणि त्याने टॅग सरळ केला.

‘माहीत आहे रीत,’ मी म्हटलं. ‘तू विचार.’

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. नंदू दारापाशी उभा राहिला, साइटवर राहतात तसा, ताठ. त्याने घसा साफ केला. ‘लॉक लावणारा माणूस साइटवर नाही?’

‘नाही.’

‘खात्री केली?’ हे त्याच्या तोंडून सवयीने आलं, आणि आल्यावर त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची दया आली.

‘केली,’ मी म्हटलं. ‘महाडला. मी स्वतः बघितलंय.’

नंदू जमिनीकडे बघत म्हणाला, ‘आता फोन लावायचा असतो. नको लावूया, वहिनी. लावला असा धरून चालू.’

पण मला तो अर्धवटपणा नको होता. मी तुझा नंबर लावला. तुझा फोन कपाटात तुझ्या शर्टांखाली बंद पडलेला असणार, अशी माझी समजूत होती. मी नुसतं ‘स्विच ऑफ’ ऐकायची तयारी केली होती.

फोन वाजला. माझ्या कानात वाजला आणि गाडीतही वाजला. मागच्या सीटवर. मी आरशात बघितलं. सांचीने तिच्या शाळेच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून तुझा फोन काढला आणि हातात धरून ठेवला. तिने तो कट केला नाही, उचलला नाही. तुझ्या फोनचा तो कर्कश आवाज, साइटवर ऐकू यावा म्हणून ठेवलेला, त्या बंद पार्किंगमध्ये पूर्ण वाजू दिला. रोज चार्ज करत होती पोरगी. रोज शाळेत नेत होती. आणि मला वाटत होतं ती तुझ्यासाठी रडत नाही.

वाजून थांबला तेव्हा ती म्हणाली, ‘नंदूकाका, पप्पा... नो आन्सर.’

किल्ली मी लावली. लॉक उघडताना आवाजसुद्धा झाला नाही. नंदूने डबी काढली, फ्यूज दाबून बसवला आणि बाजूला झाला. मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. मला वाटलं, बघ, म्हणजे खरंच काहीतरी राहिलं होतं. मग डाव्या हाताखाली, जिथे त्या परक्या माणसाच्या अंगठ्याने चामडं झिजलंय ना, तिथून ऊब यायला लागली. आधी इतकी थोडी की माझ्याच हाताची वाटावी. पण माझ्या हातांना कुठली ऊब! मग उजवीकडे. मग सगळं चाक.

‘झालं गरम?’ सांचीने मागून विचारलं.

‘होतंय,’ मी म्हटलं. ती दोन सीटच्या मधून वाकली आणि तिनेही चाकाला हात लावला. नंदू पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कोणाशी तरी फोनवर बोलत असल्यासारखा उभा राहिला. त्याच्या हातात फोन नव्हता.

जाताना त्याने ते लाल लॉक आणि टॅग माझ्या हातात दिले. रीतीतली शेवटची गोष्ट तो बोलला नाही. विसरला नसणार, ज्याचं सारं आयुष्य परमिटं देण्यात गेलं तो विसरेल कसा? त्याच्याने बोलवलं नसेल.

आता रोज मी त्या चाकावर हात ठेवून हमरियाला जाते. बोटं गुलाबी राहतात. लॅबमधल्या एका म्हाताऱ्या पेशंटने परवा विचारलं, आज तुमचे हात गार नाहीत? सांचीचा अभ्यास चालू आहे, मार्चपर्यंत आम्ही इथे आहोत, पुढचं पुढे. तुझे आभार मानते, मिलिंद, मनापासून मानते. पण बटण दाबताना रोज एक क्षण माझा हात थांबतो. तू लॉक का लावलं होतंस, ते मला अजून माहीत नाही. आणि तुझं गरम स्टीअरिंग मिळाल्यावरही मला तेच म्हणायचं आहे जे मंगळवारी म्हटलं होतं, मला हे नको होतं, तू घरी यायला हवा होतास. ते भांडण मी मिटवलेलं नाही. तू आलास की आपण ते पुढे चालू करू.

म्हणूनच हे लिहायचं ठरवलं. तुझीच रीत आहे, तूच म्हणाला होतास हे सगळ्यात महत्त्वाचं. दार उघडून तू पार्किंगमध्ये येशील, ओठांत स्क्रू धरशील आणि आपलं लॉक लागलेलं आहे या भरवशावर त्या वायरींत हात घालशील. तेव्हा गेटच्या आत पाऊल टाकायच्या आधी ऐकून घे.

मिलिंद, तुझं लॉक काढलंय. मी काढलं.